निकालानंतरही ह्याच गल्लीत राहायचं आहे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मतदार बंधू-भगिनींनो, आणि वेगवेगळ्या गटांच्या तरण्या कार्यकर्त्यांनो,

हे आवाहन घाईनं लिहितोय, कारण वेळ थोडा आहे. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात चारशेहून जास्त गावांत ग्रामपंचायतीची निवडणूक झाली होती. त्या पंचायतींची पाच वर्षं भरली. मे २०२१ मध्ये निवडून आलेल्या गोकुळच्या, म्हणजे जिल्हा दूध संघाच्या, संचालकांची पाच वर्षंही त्याच हिशेबात येतात. लोकसभेचा, विधानसभेचा प्रचार गावात येतो आणि निघून जातो. ग्रामपंचायतीचा आणि दूध संस्थेचा प्रचार मात्र उंबरा ओलांडून चुलीपर्यंत येतो. तो तिथं पोचायच्या आत चार गोष्टी बोलायच्या आहेत.

मी बावीस वर्षं करवीर तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचा सचिव होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी सांगणार आहे ती माणसं अजून तिथंच राहतात. पहाटे पाचला संस्था उघडायची, काटा लावायचा, फॅटची मशीन सुरू करायची आणि रांगेतल्या प्रत्येकाचं दूध वहीत चढवायचं, हे माझं काम. म्हैस कुणाची, ती कुठल्या गटाची, हे काट्याला कळत नव्हतं आणि मलाही कधी बघावं लागलं नाही. ते दिवस गेले.

गोकुळची निवडणूक कशी होते हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, आपल्याला नाही. तरी तरण्या पोरांसाठी सांगतो. दूध घालणारा प्रत्येक शेतकरी गोकुळला मत देत नाही. प्रत्येक संस्था ठराव करून एका माणसाचं नाव पाठवते आणि तो मत टाकतो. २०२१ ला जिल्हाभरात असे साडेतीन हजारांवर ठरावधारक होते आणि निवडून द्यायचे होते २१ संचालक. म्हणजे एकेका ठरावाला केवढं मोल आलं असेल ते बघा. ऐन कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २ मे २०२१ ला ते मतदान झालं. माणसं दवाखान्यात खाट शोधत होती आणि गावोगावी ठराव कुणाच्या खिशात आहे याची चर्चा चालली होती.

आमच्या संस्थेत ठरावाची बैठक रात्री दोनपर्यंत चालली. सहा विरुद्ध पाच. शेवटी पाचजण खुर्च्या सरकवून उठले, ते परत आत आलेच नाहीत. पुढं वर्षभरात गावाच्या वरच्या अंगाला दुसरी संस्था निघाली. नवा काटा, नवी मशीन, नवा बोर्ड.

आमच्या संस्थेच्या अगदी समोर एक मावशी राहायच्या. दोन म्हशी. पंधरा-वीस पावलांवर काटा, त्यामुळं पायात चप्पलसुद्धा न घालता दूध घेऊन यायच्या. मालक त्या पाचजणांच्या गटातले. झालं, दुसऱ्या संस्थेत दूध सुरू झालं. आता पावसाळ्यात, अंधारात, चिखल तुडवत त्या आमच्या दारावरून खाली मान घालून वर जायच्या. एका सकाळी दारातच पाय घसरला आणि किटली उलटली. सगळं दूध गटारीला लागलं. रांगेत वीसेक माणसं उभी होती. मी हातात नमुन्याची बाटली धरून आत बसलो होतो. एकही पाय हलला नाही, माझाही नाही. कारण कोण बघतंय, कोण काय म्हणेल, हे आधी डोक्यात आलं. मावशी स्वतःच उठल्या, पदर झाडला आणि रिकामी किटली घेऊन घरात गेल्या. जिनं बाळंतपणात माझ्या बायकोला चीक आणून दिला, तिला उठवायला मी उठलो नाही. ती माझी चूक आहे आणि हे पत्रक मी त्यापायीच लिहितोय.

आता ज्यांच्यासाठी आपण एवढं टोकाला जातो, त्यांच्याकडं बघू. नावं घेतो, कारण ही सगळी सार्वजनिक गोष्ट आहे आणि यात कुणाची बदनामी नाही.

आमच्या करवीरमध्ये नरके गट आणि पी. एन. गट. २०१४ ला चंद्रदीप नरके अवघ्या ७१० मतांनी आले. २०१९ ला पी. एन. पाटील यांनी सीट जिंकली. मे २०२४ मध्ये पी. एन. साहेब गेले आणि नोव्हेंबरात त्यांचे चिरंजीव राहुल पाटील उभे राहिले. नरके पुन्हा दोन हजारांच्या आतल्या फरकानं निवडून आले. एकेका मतासाठी या मतदारसंघात माणसं किती झुंजली असतील याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. भावाभावांनी बांध कोरले, पैरा मोडला, एकमेकांच्या लग्नाच्या पत्रिका परत पाठवल्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राहुल पाटील अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. नरके शिवसेनेत, म्हणजे दोघेही महायुतीत. गावातले पैरे मात्र अजून मोडलेलेच आहेत.

कागलला तर सगळा महाराष्ट्र राजकारणाचं विद्यापीठ म्हणतो. २०२४ च्या विधानसभेला हसन मुश्रीफ आणि समरजितसिंह घाटगे आमनेसामने होते. सभांमधली भाषा आठवा. वर्षभरानं नगरपरिषदेला तेच दोघे एकत्र आले. गोकुळमध्ये २०२१ ला मुश्रीफ आणि सतेज पाटील यांनी मिळून २१ पैकी १७ जागा जिंकल्या. विधानसभेला दोघे समोरासमोरच्या आघाड्यांत होते. सतेज पाटील आणि महाडिक यांच्या वैराच्या गोष्टी तर आपण लहान पोरांनाही सांगतो, पण २००४ ला सतेज पाटील करवीरमधून पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा महाडिक गट त्यांच्या मागं होता. २०१४ च्या लोकसभेला धनंजय महाडिकांच्या विजयात सतेज पाटलांचा हात होता, त्याच वर्षी विधानसभेला कोल्हापूर दक्षिणमध्ये अमल महाडिकांनी त्यांना पाडलं, आणि २०१९ ला ‘आमचं ठरलंय’ म्हणत सतेज पाटलांनी लोकसभेला तो हिशेब चुकता केला.

नेत्यांनी जुळवून घेतलं म्हणून मी त्यांना दोष देत नाही. राजकारणात परिस्थिती बदलते, माणूस वाट बदलतो. वैर सोडून दोघे एकत्र बसले तर त्यात वाईट काय? माझं म्हणणं एवढंच आहे, की जुळवून घ्यायचा जो हक्क नेत्याला आहे तोच कार्यकर्त्याला आहे. साहेबांचा फोन आला की आपण रात्रीत बॅनर बदलतो. मग सख्ख्या चुलत्याच्या दारात जायला कुणाच्या फोनची वाट बघायची?

काहीजण म्हणतील, मग निवडणुकाच बिनविरोध करा. मला ते पटत नाही. बिनविरोधच्या नावाखाली काय चालतं ते आपण पाहिलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत सरपंचपदासाठी लिलाव झाल्याचं पुढं आलं आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूकच रद्द करावी लागली. लढत पाहिजेच. आणि ईर्षा हा कोल्हापूरकरांचा स्वभाव आहे, तो वाईट नाही. पेठापेठांत फुटबॉल जगला तो ईर्षेवर, तालमी उभ्या राहिल्या त्या ईर्षेवर. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सगळ्यात जास्त मतदान आपल्या जिल्ह्यात झालं, ७६ टक्क्यांच्या वर. करवीरमध्ये तर जवळजवळ ८५ टक्के. मोठ्या शहरांत लोक सुट्टी घेऊनही मत द्यायला उतरत नाहीत आणि आपल्याकडं ऐंशी वर्षांच्या आजीला खुर्चीवर बसवून केंद्रात आणतात. ती ईर्षा राहू दे. पण ती मतपेटीपाशी थांबली पाहिजे. उसाच्या तोडीत, पाण्याच्या पाळीत आणि मयताच्या खांद्यात ती शिरली, की तिला दुसरं नाव द्यावं लागतं.

म्हणून हात जोडून सांगतो.

दूध संस्थांच्या, पाणीपुरवठा संस्थांच्या आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनो, येत्या दोन-तीन महिन्यांत कुणाचं दूध, कुणाची पाळी, कुणाचं कर्ज गट बघून अडवू नका. कारखान्याच्या शेती विभागात ज्यांचं चालतं त्यांनी विरोधकाचा ऊस फडात वाळत ठेवायचा शब्द कुणाला देऊ नये. अठरा महिन्यांचा ऊस तुरा येऊन उभा राहिला की वजन घटतं आणि त्या घरातल्या पोरीचं शिक्षण थांबतं. एका सदस्यपदासाठी एवढी किंमत दुसऱ्याच्या घरातून वसूल करायची नाही.

मंडळांच्या आणि तालमींच्या पोरांनो, स्टेटस टाकताना अंगठा जरा थांबवा. ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर शहरात काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. दगड कुणी मारले आणि काचा कुणाच्या फुटल्या, केसेस कुणाच्या पोरांवर लागल्या, तेही ठाऊक आहे. गुन्हा नोंद झाला की पोलीस भरती गेली, पासपोर्ट अडकला. कोर्टाच्या तारखेला तुमच्याबरोबर तुमचा बाप जातो, दुसरं कुणी येत नाही.

जेवणावळी आणि पाकिटं यांवर थोडक्यात. भारतीय न्याय संहितेनं मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघांनाही गुन्हेगार धरलं आहे. एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. नुसतं जेवण आणि दारू पाजून मत मागणं हीसुद्धा लाचच, त्याला दंड आहे. रस्सा मंडळाची पंगत म्हणजे गंमत, असं आपण मानत आलो. पण रात्रीच्या त्या पंगतीत पिऊन उठलेली पोरंच पुढं दुसऱ्या गटाच्या दारात जाऊन उभी राहतात. भांडणं तिथून सुरू होतात, सभेतून नाही. माता-भगिनींनी या एका बाबतीत घरात ठाम राहावं. कुठं मारामारीची चाहूल लागली तर ११२ वर फोन करायला लाजू नका. आपलाच पोरगा त्यात असला तर अजिबातच लाजू नका.

आणि गुलाल. २३ नोव्हेंबर २०२४, निकालाचा दिवस. चंदगड मतदारसंघातल्या महागावात विजयी मिरवणूक आली होती. बाया आरती घेऊन औक्षणाला पुढं झाल्या, वरून जेसीबीनं गुलाल पडला आणि निरांजनाच्या ज्योतीवर भडका उडाला. औक्षण करणाऱ्या बाया भाजल्या, निवडून आलेल्या आमदारांनाही झळ लागली. तिथं कुणाचा वाईट हेतू नव्हता, आनंदच होता. तरी असं झालं. मग हरलेल्याच्या दारात मुद्दाम थांबून, हलगी लावून, त्याच्या उंबऱ्यावर पोती रिकामी करतो तेव्हा आपण काय पेटवत असतो? आमच्या गावात एका हरलेल्या उमेदवाराच्या आईनं निकालाच्या रात्री दाराला आतून कडी लावून घेतली होती. सकाळी अंगण झाडताना तिच्या खराट्याला लाल चिखल लागत होता आणि ती शेजारणींकडं न बघता झाडत होती. त्या घरानं पुढची पाच वर्षं गावाच्या जत्रेचा नैवेद्य बंद केला. निवडून आलेल्यांनी मिरवणूक काढावी, पण आपल्या वाटेनं काढावी. हरलेल्याची गल्ली आली की वाजंत्री थांबवून पुढं निघावं. जमलं तर उमेदवारानं एकट्यानं, कार्यकर्ते बाहेर ठेवून, त्याच्या घरात चहा घ्यावा. हे मी एका गावात झालेलं पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी तिथं एकही तक्रार चौकीला गेली नाही.

जिल्ह्यातल्या सगळ्या नेत्यांना, पक्ष कुठलाही असो, एकच मागणं आहे. प्रचाराच्या पहिल्या सभेत माइकवरून एवढं बोला: “विरोधकाच्या घरातल्या बाईमाणसाला, म्हाताऱ्याला, पोराला माझ्या माणसानं त्रास दिला तर तो माझा माणूस नाही.” तुमच्या शब्दाला इथं वजन आहे. तुमच्या एका वाक्यावर गावं फुटली आहेत, तशी एका वाक्यावर शांतही होतील.

राहिली आपली गोष्ट. मी गेल्या आठवड्यात त्या मावशींच्या घरी गेलो. चार वर्षांनी. संस्थेतून निवृत्त झालोय, आता मला कुणी कुठल्या गटात धरत नाही, त्यामुळं हे धैर्य म्हणण्यासारखं नाही. मावशींनी दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “लई दिसानं वाट सापडली, सचिव.” मग आत जाऊन चहा ठेवला. किटलीचा विषय मी काढला. त्या म्हणाल्या, “दुधाचं काय न्हाई रं, दूध सांडतंय. तू आत बसलावतास, ते ध्यानात राहिलं.”

तुमच्याही गावात असं एक घर असणार, २०२१ पासून तुम्ही ज्याच्या दारात गेला नाही. उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात झाली की जाणं अवघड होईल. लोक म्हणतील मतासाठी आला. म्हणून आज संध्याकाळी, धार काढून झाली की जा.