‘तसं काही नाही, पण...’

शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची पाळी आली की आम्ही हमखास शेक्सपिअरला वेठीला धरायचो. पैशाची थैली चोरीला गेली तर कचराच गेला, पण माणसाचं चांगलं नाव गेलं की तो खरा भिकारी होतो, या अर्थाचा त्याचा विचार माझा अगदी आवडता.

पुढे बी.ए.ला ‘ऑथेल्लो’ वाचलं आणि चपापलेच. हे शहाणपण सांगतो कोण, तर इयागो! निर्दोष डेस्डेमोनाच्या नावाला काळिमा फासायला निघालेला माणूस. आणि हाच इयागो त्याआधी कॅसिओला पटवून देतो की, नावलौकिक वगैरे सगळं पोकळ असतं! म्हणजे ज्याच्यापुढे जे खपेल ते बोलायचं.

इयागो सुरुवातीला सरळ आरोप करतच नाही. अर्धवट बोलतो, थांबतो, विषय टाळल्यासारखं करतो. उरलेलं ऑथेल्लोचं मनच पुरं करतं. पुरावा काय, तर एक हातरुमाल! १६०४ साली इंग्लंडच्या राजदरबारात झालेलं हे नाटक. देवलांनी १८९० मध्ये ते ‘झुंझारराव’ म्हणून मराठीत आणलं. पण इयागो काही जुना झालेला नाही.

आमच्या बचत गटातली एक जण बँकेच्या कामासाठी तालुक्याला जायची. “तसं काही नाही हो, पण सारखं सारखं कशाला जावं लागतं?” एवढंच कुणीतरी म्हणालं. महिन्याभरात नवऱ्याने तिचं गटात येणं बंद केलं. हे वाक्य निघालं तेव्हा मीही तिथेच होते. पापड लाटत गप्प बसले.

मग आठवली इयागोची बायको, एमिलिया. सापडलेला रुमाल तिनेच नवऱ्याच्या हाती दिला. डेस्डेमोना शोधत होती, तेव्हा ‘मला नाही ठाऊक’ म्हणाली. शेवटी जिवावर उदार होऊन खरं बोलली, पण तोवर डेस्डेमोनाचा जीव गेला होता.

मी त्या मैत्रिणीच्या घरी दोनदा जाऊन आले. तिच्या सासूबाईंशी बोलले, नवऱ्याला बँकेची पावती-पुस्तकं दाखवली. ती अजून आलेली नाही. गटाच्या वहीतलं तिचं नाव मात्र आम्ही खोडलेलं नाही.

सुविचार जरूर लिहून घ्या, पण तो कुणाच्या तोंडचा, हेही बघा. आणि यापुढे ‘तसं काही नाही, पण...’ कानावर आलं, तर तिथल्या तिथे विचारा, “पण काय?”