जुन्या दप्तराचें स्थलांतर

गेल्या मे महिन्यांत एक गृहस्थ शाळेच्या कचेरींत आले. ते आमचेच माजी विद्यार्थी. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत त्यांस हवी होती. लेखनिकांनीं संगणकांत पाहून प्रत काढून दिली. गृहस्थांनीं ती वाचली, तिची घडी घातली, पुन्हां उलगडली आणि नम्रपणें म्हणाले, "सर, हा मी नव्हे." आडनांवांतील 'ऱ्हा' नाहींसा होऊन तेथें एक रिकामा चौकोन उमटला होता, आणि १९६५ ऐवजीं जन्मवर्ष २०६५ पडलें होतें, म्हणजे त्या कागदाप्रमाणें गृहस्थ अद्याप जन्मासच यावयाचे होते! सर्व हंसले. पण त्यांस तो दाखला मुलीच्या शिष्यवृत्तीच्या कामीं पाहिजे होता, हें कळल्यावर आम्हांस हंसूं येईना. अखेर कपाटांतून दाखल-खारीज रजिस्टर निघालें आणि काम भागलें.

हा प्रसंग सांगण्याचें कारण असें कीं, जुन्या संगणकांतील व त्याहूनही जुन्या रजिस्टरांतील सर्व नोंदी एका नव्या प्रणालींत नेण्याचा विचार शाळेंत चालू आहे. तो अवश्य आहे. जुनें यंत्र केव्हां बंद पडेल याचा भरंवसा नाहीं, आणि तें ज्यांनीं मांडलें ते आज येथें नाहींत. परंतु कांहीं मंडळींचें म्हणणें असें पडलें कीं, काम एखाद्या कंपनीस द्यावें, दिवाळीच्या सुटींत उरकून घ्यावें, आणि रजिस्टरें रद्दींत घालून कपाटें मोकळीं करावीं. या मताशीं आमचा विरोध आहे.

नोंदी हलविणें म्हणजे एका पोत्यांतील ज्वारी दुसऱ्या पोत्यांत ओतणें नव्हे. वरील गृहस्थांच्या आडनांवाचेंच पाहा. जुन्या मराठी फॉन्टांत यंत्राच्या पोटांत मराठी अक्षर नसतेंच. तेथें रोमन अक्षराचा क्रमांक असतो, व त्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढविलेला असतो. फॉन्ट गेला कीं मुखवटा गळून पडतो. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतांत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक मिळाला, हें फार चांगलें झालें. पण एकांतून दुसऱ्यांत जातांना सरळ नक्कल होत नाहीं. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं नोंदली जाई, कारण डोळ्यांस ती आधीं दिसते. युनिकोडांत ती अक्षरानंतर येते, कारण उच्चारांत ती नंतर आहे. 'ऱ्ह' साठीं तर निराळी तजवीज करावी लागते, आणि ती विसरली म्हणजे आमचें वऱ्हाडसुद्धां शुद्ध उतरत नाहीं. वर्षाचेंही तसेंच. पूर्वींचे लेखनिक '१२-६-६५' एवढेंच लिहीत, कारण शतक त्यांस ठाऊक होतें. यंत्रास तें सांगावें लागतें.

देऊळघाटच्या शेतकरी पालकांस हें नवें वाटणार नाहीं. त्यांनीं सातबाऱ्याचें स्थलांतर डोळ्यांनीं पाहिलें आहे. महाराष्ट्रांतील सुमारें अडीच कोटी सातबारे हातांच्या कागदांवरून संगणकांत गेले, हें केवढें थोरलें काम! त्यांतील अडचणी समजून घेण्यासारख्या आहेत. तीन एकर वीस गुंठे हें क्षेत्र कोणी ३.२० असें लिहिलें असेल तर शेतकरी तें साडेतीन एकर वाचतो, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. यंत्र तें दशांशांत वाचील तर बारा गुंठे तेथेंच गडप! हेक्टर-आरांत खरें क्षेत्र सुमारें १ हेक्टर ४२ आर. चुकीचें वाचलें तर तें १ हेक्टर ३० आरांवर येतें. बांधावर मात्र एक ढेकूळही हललेलें नसतें.

या कामांत सरकारनें एक गोष्ट केली ती आम्हांस फार मोलाची वाटते. २०१७ सालच्या उन्हाळ्यांत गांवोगांव संगणकीकृत सातबाऱ्यांचें चावडी-वाचन झालें. ज्याची जमीन त्यास त्याची नोंद वाचून दाखवावयाची, आणि चूक निघाली तर ती टिपून घ्यावयाची. लेखनदोष दुरुस्त करण्यास जमीन महसूल संहितेंत कलम १५५ आहेच. पुढें २०१८ पासून तलाठ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळूं लागले. प्रत्येक चूक सुधारली असें कोणी म्हणणार नाहीं; तहसिलींत खेटे घालणारे पुष्कळ आहेत. पण क्रम योग्य होता: आधीं वाचन, मग स्वाक्षरी.

घाईचें उदाहरण पाहिजे असल्यास विलायतेंतील टीएसबी बँकेचें पाहावें. एप्रिल २०१८ मध्यें तिनें सुमारें पन्नास लाख ग्राहकांचीं खातीं एका शनिवार-रविवारांत नव्या प्रणालींत नेलीं. सोमवारीं असंख्य लोकांस आपलेंच खातें उघडेना. घडी पूर्ववत् बसण्यास कित्येक महिने गेले. २०२२ सालीं तेथील नियामकांनीं तिला ४ कोटी ८६ लक्ष पौंडांहून अधिक दंड केला. पैसा, यंत्रें, जाणते लोक, सर्व जवळ असतां हें झालें.

आतां रद्दीविषयीं. आमचीं रजिस्टरें आम्ही सावकाश चाळून पाहिलीं. खरी माहिती पुष्कळदां रकान्यांत नसून समासांत आहे. 'वडील वारले, आतां मामाकडे राहतो', 'पुढील पान पाहा', 'नांव अर्जावरून बदललें' असे शेरे तांबड्या शाईनें लिहिलेले आहेत. नव्या प्रणालींत समासच नाहीं! एकच मुलगा शाळा सोडून दोन वर्षांनीं परत आला तर त्याचे दोन क्रमांक आहेत. यंत्र त्याचे दोन मुलगे करील. उलट, एकाच नांवाचे दोघे चुलतभाऊ एक होऊन जातील. हें ओळखावयास लेखनिकाच्या जोडीस गांवची माणसें ओळखणारा कोणी तरी बसला पाहिजे.

आणि जुन्या कागदाचें काम केव्हां पडेल तें सांगतां येत नाहीं. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां महसुली कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी व शाळांचीं प्रवेश-रजिस्टरें यांची धूळ झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांस पुन्हां मान आला. त्या प्रश्नाच्या वादांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. पण ज्या शाळेनें रजिस्टर रद्दींत घातलें असेल, तिनें दाराशीं आलेल्या माणसास काय सांगितलें असेल? आमच्या वऱ्हाडाचा कारभार १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांकडे गेला, १९५६ सालीं मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. इतक्या घडामोडींतून जे कागद वांचले, ते कोणी तरी बासनांत बांधून ठेविले म्हणूनच.

म्हणून शाळेपुढें आम्हीं असें मांडलें आहे कीं, प्रथम एकाच वर्गाच्या नोंदी नेऊन पाहाव्या. जुनें यंत्र निदान एक वर्ष नव्याच्या बरोबरीनें चालूं ठेवावें. समासांतील शेऱ्यांसाठीं स्वतंत्र रकाना मागून घ्यावा, कंपनी कितीही कुरकुरली तरी. आणि रजिस्टरांचीं छायाचित्रें घेऊन मूळ ग्रंथ कपाटांतच ठेवावे. कपाटास वाळवी लागली आहे, तें मात्र बदलावें लागेल.

राहिलें वाचन. तें पालकांवांचून होणार नाहीं. शाळा सोडल्यावर नांव किंवा जन्मतारीख बदलून घेणें किती जिकिरीचें असतें हें ज्यांनीं भोगलें त्यांस विचारावें. मूल शाळेंत आहे तोंवरच तें सोपें. आमची सूचना मान्य झाल्यास इयत्तावार पालकांस बोलावून प्रत्येकाच्या पाल्याची नोंद मोठ्यानें वाचली जाईल. पालकांनीं येतांना जन्माचा दाखला व आधारपत्र आणावें. दोहोंतील नांव जुळत नसेल तर लाजूं नये, तेंच तर आम्हांस हवें आहे. आजोबा-आजींसही बरोबर आणावें, कारण नांवाचा खरा उच्चार बहुधा त्यांसच ठाऊक असतो. चष्मा घरीं विसरूं नये.