दबावगट आणि विधिमंडळाचे दार

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोवतालची अनेक गावे एकत्र करून 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. विहिरी, बावखले आणि केळी-पानवेलीच्या बागा यांवर जगणाऱ्या गावांनी या समावेशास कडवा विरोध केला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत हाच प्रश्न घेऊन उभे राहिलेले विवेक पंडित वसईतून अपक्ष म्हणून निवडून आले. 2011 साली शासनाने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला. महापालिका उच्च न्यायालयात गेली आणि निर्णयास स्थगिती मिळाली. अखेर 2024 साली शासनानेच तो निर्णय फिरवून गावे महापालिकेत ठेवली.

या पंधरा वर्षांत गावांच्या भवितव्यासाठी विधानसभेत मतदानाची गरजच पडली नाही, ही बाब लक्षणीय आहे. महापालिकेची हद्द शासकीय अधिसूचनेने ठरते. हरकती मागविल्या जातात खऱ्या, पण त्यांचा निवाडा मंत्रालयात होतो. साहजिकच दबावही तेथेच जातो.

अमेरिकेत याहून निराळे घडते. तेथील काँग्रेसचा सभासद पक्षादेशाविरुद्ध मत देऊनही आपली जागा राखतो. म्हणून तेथे हितसंबंधी गट एकेका सभासदाला गाठतात. आणि 1995 च्या कायद्यान्वये अशा व्यावसायिक मध्यस्थांना आपली नोंदणी व खर्च जाहीर करावा लागतो. आपल्याकडे 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराचे सभासदत्वच धोक्यात येते. मग एकट्या आमदाराचे मन वळवून काय साधणार? मंत्री, सचिव आणि पक्षश्रेष्ठी यांच्या दालनांचे महत्त्व वाढते ते यामुळेच. आणि त्या दालनांतील भेटींची नोंद जाहीर करण्याचे बंधन मात्र कोणावरही नाही.

ज्यांचा लाभ मोठा आणि संख्या थोडी, ते सहज संघटित होतात. ज्यांची हानी थोडी थोडी आणि संख्या मोठी, ते विखुरलेले राहतात, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे. वसईच्या गावांनी तो खोटा ठरवून संघटना उभारली, आमदारही निवडून दिला. पण त्यांनी विधिमंडळाचे दार उघडले, तेव्हा निर्णय दुसऱ्याच दालनात होत होता.

दबाव आणणे हा लोकशाहीत गुन्हा नव्हे. मोर्चा आणि मतपेटी यांचा दबाव सर्वांना दिसतो. बंद दालनातील दिसत नाही. कोण कोणास भेटले आणि कोणती हरकत कोणत्या कारणास्तव फेटाळली, हे अधिसूचनेबरोबरच प्रसिद्ध झाले पाहिजे. तसे होत नाही तोवर गावकऱ्याच्या मताचे मोल निवडणुकीच्या दिवसापुरतेच राहील.