मधला चमचा

बाहेर जेवायला जायचं म्हटलं की आमच्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही जाऊन या. मला दूधभात पुरे." कारणं दोन. एक तर कुठल्या भांड्यात काय शिजलं असेल याचा भरवसा नाही, आणि दुसरं म्हणजे उष्टं. एका बशीतलं चौघांनी खायचं, हे त्यांना मुळीच खपत नाही. मामंजी गेल्यापासून तर घरीसुद्धा त्या सात वाजताच एकट्या जेवून घेतात. मग हे आणि मुलं, आणि सगळ्यांचं झालं की ओट्याशी मी. रोजच्या तीन पंगती म्हणा ना!

पुण्यात आमच्या घराजवळच पाच-सहा टेबलांचं एक छोटं थाई उपाहारगृह आहे. थोरलीची दहावीची परीक्षा संपली तेव्हा तिनं हट्टच धरला, "तिथंच जायचं, आणि आजी आली तरच मी येणार." नातीपुढे आजीचं काय चालतंय!

मी मात्र आदल्या दिवशी शाळेतून येताना आत जाऊन चौकशी केली. तुम्हीही करा, बरं का. थाई स्वयंपाकात मिठाचं काम बरेचदा 'नाम प्ला' करतं. हा माशांचा खारवलेला रस. करीच्या वाटणातही बहुधा आंबवलेल्या कोळंबीची चटणी असते. म्हणजे वर नुसत्या भाज्या दिसल्या तरी पदार्थ शाकाहारी असेलच असं नाही. इथं शाकाहारी वाटण वेगळं करतात, हे कळल्यावरच मी होकार दिला.

आम्ही पाच माणसं, पदार्थ मागवले चार. एक आंबट, एक नारळाच्या दुधातली करी, एक परतलेली भाजी, एक कुरकुरीत, आणि प्रत्येकाला भात. बशा आल्या आणि ह्यांचा चेहरा पडला. "एवढ्याशा बशा? घरी जाऊन पोहे टाकावे लागणार!" पण थाई जेवणात मुख्य मान भाताचा. 'खाव' म्हणजे भात, आणि जेवणे याला शब्दच 'किन खाव', भात खाणे. बाकीचं सारं 'कप खाव', म्हणजे भाताबरोबरचं. आपलं तोंडीलावणंच की! ते ढीगभर वाढून घ्यायचं नसतं. एका वेळी एका पदार्थाचा एखाददुसरा चमचा भातावर घ्यायचा, तो संपला की दुसरा. उजव्या हातात चमचा, डाव्या हातातल्या काट्यानं घास चमच्यात लोटायचा. तुकडे मुळातच लहान, त्यामुळे सुरी लागत नाही.

बशा मध्ये ठेवलेल्या पाहून सासूबाईंनी हात मागे घेतला. मला धडकी भरली. तेवढ्यात वाढणाऱ्या मुलानं प्रत्येक बशीत एकेक वेगळा चमचा ठेवला. थाई लोक त्याला 'छॉन क्लांग' म्हणतात, मधला चमचा. तो वाढून घेण्यापुरता, तोंडाला लावायचा नाही. सासूबाईंनी चारही चमचे नीट निरखले. मग म्हणाल्या, "म्हणजे यांनाही उष्ट्याचं कळतं तर!" आणि भात पुढे ओढला.

शेवटी आलं 'मियांग खाम'. 'खाम' म्हणजे घास. विड्याच्या वेलीच्या गोतातलं एक पान, त्यावर भाजलेलं खोबरं, दाणे, आलं, कांदा आणि सालीसकट लिंबाचे बारीक तुकडे, वर गुळाचा पाक. यात सोडे घालतात, ते आम्ही वगळायला सांगितले होते. ज्यानं त्यानं आपलं पान बांधून एका घासात खायचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर विडाच!" मामंजींना रात्री त्यांच्या हातचा विडा लागे. त्यानंतर त्यांना पान हातात घेतलेलं मी पाहिलंच नव्हतं. त्यांनी सराईतपणे पान दुमडलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं, आणि माझ्यापुढे केलं. "घे. तू कुठं काय खाल्लंस अजून?" खरं तर मी सगळ्यांच्या बरोबरीनंच जेवले होते. पण विडा घेतला. मला बोलवेना.

घरी 'सोम तम', म्हणजे पपईची कोशिंबीर, सहज होते. खलबत्त्यात 1 लसणीची पाकळी आणि 2 हिरव्या मिरच्या ठेचा. त्यात 2 वाट्या कच्च्या पपईचा लांब कीस, 1 टोमॅटो, थोड्या चवळीच्या कोवळ्या शेंगा घालून हलकेच कुटा. 1 चमचा गूळ, 1 लिंबाचा रस, मीठ आणि भाजलेले दाणे घाला. घरात कुणी गरोदर असेल तर पपईऐवजी काकडी घ्या.

आता दर रविवारी आमच्याकडे टेबलाच्या मधोमध आमटी, भाजी, कोशिंबीर मांडलेली असते. प्रत्येकात मधला चमचा. पोळ्या आधीच करून डब्यात. गेल्या रविवारी सवयीनं मी वाढायला उभी राहिले, तर सासूबाईच म्हणाल्या, "चमचे आहेत ना मध्ये? मग तू कशाला उभी? बस."