सूर्य गावाचा, मालकी कोणाची?

बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. सुमारे तीन दशके अंधारात काढलेल्या या गावात २०१४ साली ग्रीनपीस या संस्थेच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचा सौर वीजप्रकल्प उभा राहिला. त्याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु लवकरच सरकारी तारांवरून स्वस्त वीज गावात आली आणि ग्राहक तिकडे वळले. पुढे बॅटऱ्या निकामी झाल्या. काही वर्षांतच प्रकल्प बंद पडला व त्याच्या आवारात गुरे बांधली जाऊ लागली.

यावरून 'लोकांचे उद्योग चालत नसतात' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतील. आम्हांला तो मान्य नाही. धरनईत सूर्यही कमी पडला नाही आणि माणसेही. चुकले ते हिशेबात. देणगीतून यंत्र उभे राहते. पण यंत्राची झीज भरून काढणारा निधी आणि विजेला हमखास गिऱ्हाईक या दोन गोष्टी देणगीतून येत नाहीत.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पंप चालवून उरलेली वीज २५ वर्षे युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने विकत घेण्याचा करार सरकारी वीज कंपनीने २०१६ साली केला. धरनईत जी सरकारी तार प्रतिस्पर्धी ठरली, तीच ढुंडीत गिऱ्हाईक झाली. बॅटरीचा खर्च टळला आणि पाणी वारेमाप उपसण्यापेक्षा वीज विकणे शेतकऱ्याला परवडू लागले. भांडवलाचा मोठा वाटा येथेही बाहेरून आला होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु टिकाव लागला तो कराराच्या बळावर.

महाराष्ट्रात काय चालले आहे? २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू स्वागतार्हच आहे. पण जमीन देणाऱ्याच्या पदरी पडते ते हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. वीज विकून येणारे उत्पन्न मुख्यतः निविदा जिंकणाऱ्या खाजगी कंपन्यांकडे जाते. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेत सहकारी संस्था व पंचायतींनाही ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प उभारण्याची मुभा आहे. परंतु मेगावॅटमागे काही कोटी लागतात. ते कोरडवाहू शेतकऱ्यांच्या संस्थेने आणावेत कोठून? दार उघडे ठेवून उंबरठा छातीएवढा उंच करण्याचाच हा प्रकार आहे.

सहकारी साखर कारखानदारी वाढली ती सभासदांच्या भागांना सरकारी भागभांडवलाची जोड मिळाली म्हणून. तोच न्याय सौर सहकाराला का नको? मात्र त्याच प्रवरा खोऱ्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा धडाही विसरता कामा नये. थकबाकी प्रचंड साचली आणि २०११ साली वितरणाचे काम संस्थेच्या हातून गेले. सहकाराचे नाव लावल्याने तोटा माफ होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. गावच्या सहकारी संस्थांना कंपन्यांशी निविदेच्या झुंजीत न उतरवता ठरलेल्या दराने दीर्घ मुदतीचा खरेदी करार मिळावा आणि विजेचे पैसे वेळेवर द्यावेत. सरकारने परतफेडीच्या अटीवर भागभांडवल पुरवावे. आणि प्रत्येक संस्थेने घसारा निधी वेगळा ठेवून त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडणे सक्तीचे करावे.

यांतली शेवटची अट सरकारपेक्षा आपल्यासाठी अधिक आहे. सौर प्रकल्पासाठी गावची जमीन मागणारा ठराव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ भाड्याचा दर विचारून खाली बसू नये. प्रकल्पाची मालकी गावाला का नाही, हा प्रश्न विचारावा. आणि त्याआधी हिशेब चोख ठेवणारी संस्था गावात उभी करावी.