यादीत किती लिहायचे?

आमच्या आष्टी तालुक्याने आजवर पाण्याचे टँकर पाहिले, 2019 च्या चारा छावण्या पाहिल्या, कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या गाड्या तर दर वर्षी पाहिल्या. पुरात अडकलेली माणसे काढायला या तालुक्यात हेलिकॉप्टर येईल असे कुणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. 2025 च्या सप्टेंबरात ते आले. कडा आणि आसपासच्या गावांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली, कांदा आणि कापूस डोळ्यांदेखत गेला. दोनच दिवसांनी, 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली. इतकी वर्षे ज्या गाडीची वाट पाहिली ती आली, आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांना ती पाहायला जायचीही उमेद नव्हती.

मग याद्या सुरू झाल्या. शाळेतल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक यादी, मोहल्ल्यातल्या मस्जिदीत जुम्याला एक यादी, माझ्या बी.एड.च्या जुन्या मैत्रिणींची तिसरी यादी. शिक्षकांच्या यादीत पहिल्याने 501 लिहिले. दुसऱ्यानेही 501. मग खाली सगळे 501, 501, 501. माझी पाळी आली तेव्हा माझेही बोट आपोआप पाचावर गेले. तेवढ्यात मनात आले, हा आकडा ठरवला कुणी? माझ्या पगाराने ठरवला नाही, पूरग्रस्ताच्या गरजेने ठरवला नाही. ज्याने सगळ्यात आधी मोबाईल उघडला त्याने तो ठरवला.

त्याच यादीत आमच्या शिपाईमामांनी 100 लिहिले होते. दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये चहा देताना कुणाकडे बघत नव्हते. मला एक हदीस आठवली. पैगंबर (स.) म्हणाले होते की एका दिरहमचे दान लाख दिरहमांच्या दानापुढे गेले. सोबत्यांनी विचारले, ते कसे? तर एकाकडे दोनच दिरहम होते, त्यातला एक त्याने दिला. दुसऱ्याकडे ढीग होता, त्यातून त्याने लाख उचलले. वर्गात ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा हिशेब स्वतःला लावला. मामांचे 100 आणि माझे 501 यांत मोठे कोणते, हे मला गणिताच्या सरांना विचारायची गरज नव्हती.

रात्री घरी विषय काढला. सासूबाईंनी सरळ विचारले, "कित्ता देना है?" मी म्हणाले, तेच कळत नाही. त्या म्हणाल्या, रमजानला जकात काढतोच ना, मग आता थोडे दिले तरी चालेल.

हे आपल्याकडे फार घरांत चालते. जकात अडीच टक्के, तिचा हिशेब ठरलेला, साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीचा निसाब, वर्ष पूर्ण झाले की द्यायची. ती दिली की आपण सुटलो असे आपल्याला वाटते. पण जकात म्हणजे कमीत कमी. तो मालावरचा हक्क आहे, उपकार नाही. सदका वेगळा. त्याला टक्का नाही, महिना नाही, निसाब नाही. आणखी एक फरक इथे महत्त्वाचा आहे. हनफी उलेमांच्या मते जकात गरजू मुसलमानालाच द्यायची. सदक्याला ती अट नाही, तो कुणालाही देता येतो. पूर काही आडनाव विचारून घरात शिरला नाही. म्हणून मी ठरवले की पुराचे पैसे जकातीतून वळते करायचे नाहीत, ते सदक्यातून जातील. जकात तिच्या जागी राहील. दोन्हीला एकच पाकीट लावले की आपण कमी देतो आणि समाधान मात्र दुप्पट मिळवतो.

आता मूळ प्रश्न, किती? धर्मात बोट ठेवून दाखवता येईल असा एक आकडा नाही, आणि तो नाही हे मला फार शहाणपणाचे वाटते. तबूकच्या मोहिमेच्या वेळी हजरत उमर (रजि.) यांनी अर्धी मालमत्ता आणली, हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सगळी आणली. दोन्ही स्वीकारली गेली. पण कअब बिन मालिक (रजि.) आपले सगळे द्यायला निघाले तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना काही स्वतःसाठी ठेवायला सांगितले. तिघे सोबती आणि तीन हिशेब. कुरआनात लोकांनी विचारलेला प्रश्न आहे की काय खर्च करावे, आणि त्याचे उत्तर आहे, गरजेपेक्षा जास्त असेल ते. हात गळ्याला बांधून ठेवू नका आणि पुरता मोकळाही सोडू नका, असेही सांगितले आहे. म्हणजे आकडा आपल्याच घरात बसून काढायचा आहे.

आम्ही तो काढायला बसलो. माझा पगार, त्यातून घराच्या कर्जाचा हप्ता, मुलीची दहावीची शिकवणी, सासूबाईंची औषधे, किराणा. ह्यांचे मोटार रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे, त्याची कमाई कधी बरी कधी नाही. सगळे वजा जाऊन काय उरते? प्रामाणिकपणे पाहिले तर एक गोष्ट उरत होती. दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला जायचे म्हणून साठवलेले 18 हजार रुपये. कुरआनातला तो "जास्तीचा" शब्द आमच्या कपाटात पाकिटात घालून ठेवलेला होता.

मी म्हणाले, यातले 10 हजार देऊ. हे हो म्हणाले. मुलगी काही बोलली नाही. झोपायच्या वेळी म्हणाली, "तुम्ही दिलं तुमचं, अन् गेली माझी सहल."

मला हे लागले, कारण ते खरे होते. घरातल्या माणसांपासून सुरुवात करा ही शिकवणही आपलीच आहे. आपण दान करताना अनेकदा दुसऱ्याचा वाटा देऊन टाकतो आणि पुण्य आपल्या नावावर लिहितो. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो आणि तिला विचारले. कुणी मोठे मन करून दाखवले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली की हैदराबाद राहू द्या, पण खुलताबाद आणि वेरूळ एक दिवस तरी करा, आणि उरलेले घ्या. तसे ठरले. दोन दिवस ती फुगूनच होती. आजही पूर्ण खूश आहे असे मी म्हणणार नाही.

दहा हजारांचे आम्ही दोन भाग केले. पाच आता आणि पाच जानेवारीत. याला कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आमच्याही घरात फळीवरची भांडी वाजली होती. पुढचे काही दिवस गावोगावचे ट्रक लातूर–उस्मानाबादकडे जात होते. आमच्या गल्लीतूनही कपडे गोळा झाले. अम्मीने पेटीतली नवी रजई काढून दिली तेव्हा शेजारच्या खाला म्हणाल्या, जुनी का नाही देत? अम्मी म्हणाली, जुनी तर मी फेकणारच होते. जे आवडते त्यातून द्या, हा कुरआनचा धडा मी तिथे शिकले. पण दुसरी गोष्टही लक्षात राहिली. महिन्याभरात आमच्या गल्लीत किल्लारीचे नाव निघणे थांबले, आणि तिथली माणसे तर कित्येक दिवस पत्र्याच्या शेडमध्येच होती. पहिल्या आठवड्यात सगळे देतात. जानेवारीत शेतकरी रब्बीच्या खताला आणि पोराच्या फीला अडलेला असतो, तेव्हा यादी कुणी काढत नाही.

"सरकार देतेच आहे की," असे मला एका सहकाऱ्याने ऐकवले. बरोबर आहे, आणि सरकारने द्यायलाच हवे. 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. कोरडवाहूला हेक्टरी 18,500 रुपये, तेही तीन हेक्टरांपर्यंत. म्हणजे एकराला साडेसात हजारांच्या आसपास. कांद्याच्या एका एकराला रोप, खत, मजुरी किती लागते ते कड्याच्या बाजारात कुणालाही विचारा. त्याहून मोठा प्रश्न हा की पिकाची मदत सातबाऱ्यावर चालते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याने काय करायचे? वाट्याने शेत करणारा, शेळ्या राखणारी विधवा, कोयत्याची उचल घेऊन बसलेला मजूर, नदीकाठचा टपरीवाला. यांचे नुकसान कुठल्या रकान्यात बसेल? तुमचे-माझे पाच हजार 31 हजार कोटींपुढे काहीच नाहीत. पण ज्या घरापर्यंत ते कोटी पोचत नाहीत तिथे ते पोचू शकतात. त्यासाठी यादीत नाव लिहिण्याआधी दोन फोन करून विचारावे लागते, एवढेच.

ह्यांनी आपला हिशेब वेगळा केला. पुरानंतर दुकानात चिखलाने भरलेल्या मोटारींची रांग लागली. खरे सांगायचे तर पुराने आमचा धंदा वाढवला. हे दोन रात्री अस्वस्थ होते. मग ठरवले की पुरातल्या मोटारीला तांब्याची तार आणि बेअरिंगचे पैसे घ्यायचे, मजुरी घ्यायची नाही. ऑक्टोबरअखेर 14 मोटारी झाल्या. त्यातल्या दोन तरी पुराच्या नव्हत्या, जुन्याच जळालेल्या होत्या. मी म्हणाले, लोक फायदा घेतात. हे म्हणाले, "आता काय मोटारीची साक्ष काढू?" त्या मजुरीची नोंद कुठल्या यादीत नाही. माझ्या मते आमच्या घरातले सगळ्यात चांगले दान तेच.

शेवटी एक बोलायलाच हवे. एका वाटपाला मी गेले होते. कुणाचे ते सांगत नाही. मागे बॅनर, पुढे पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीबरोबर फोटो. आमच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी रांगेत होती. मला पाहताच तिने ओढणी तोंडावर घेतली. फोटो काढणारा म्हणाला, "बेटा, तोंड दाखव." मी तिथून बाजूला झाले, कारण मी तिथे असणे हाच तिला त्रास होता. उघड दिलेले दान चांगले आहे, त्याने इतरांना उत्साह येतो. पण गुपचूप गरजूच्या हाती दिलेले अधिक चांगले, असे आपला ग्रंथ सांगतो. आणि देऊन उपकार बोलून दाखवले तर दिलेले वाया जाते, हेही सांगतो. फेसबुकवर टाकलेला तो फोटो उपकार बोलून दाखवणे नाही तर काय आहे? देणाऱ्याचा चेहरा दाखवायचा असेल तर दाखवा. घेणाऱ्याचा चेहरा तुमच्या मालकीचा नाही.

तर वाचकहो, मला कुणी विचारले किती द्यावे, तर मी आकडा सांगणार नाही. यादी उघडण्याआधी घरात बसा, एवढेच सांगेन. जे उरते ते बघा. ज्यांचा वाटा त्यात आहे त्यांना विचारा. द्यायचे ते दिल्यावर काहीतरी कमी पडले पाहिजे. काहीच कमी पडले नाही तर आपण फक्त सुट्टे दिले. आणि त्यातला थोडा भाग अशा महिन्यासाठी ठेवा जेव्हा कुणी मागायला येणार नाही.

शिक्षकांच्या यादीत मी शेवटी 501 च लिहिले. जास्त लिहिले असते तर खालच्या माणसाला ओढाताण झाली असती. बाकीचे दुसऱ्या वाटेने गेले. जानेवारीचे पाकीट कपाटात आहे. त्यावर मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे: "हात लावू नये."