तळमजला हवा, पण कृष्णेच्या पाण्याबाहेरचा

गेल्या महिन्यात सांगलीला आत्याकडे गेलो होतो. आत्याची मुलगी, आमची अक्का, वय ४९. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पाय नाहीतच म्हणा. ती व्हीलचेअरवर असते. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-बीडिंग करते. चहा झाल्यावर तिने बँकेची फाईल माझ्यापुढे टाकली. म्हणाली, "तू पत्रकार ना? मग हे वाच आणि मला सांग, मी काय चुकीचं मागितलं?"

फाईल वाचली. तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय. जरा लांब झालंय, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी ती कुठं राहते ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत या मायलेकी तळमजल्यावर भाड्याने राहत होत्या. त्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गल्लीत पाणी शिरलं तेव्हा चार पोरांनी अक्काला खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. शिलाई मशीन पाण्यातच राहिलं. पुढं भावाने दोघींना दुसऱ्या मजल्यावर घर बघून दिलं. २०२१ ला पुन्हा पूर आला, तेव्हा त्या सुरक्षित होत्या. पण इमारतीला लिफ्ट नाही. म्हणजे पुरापासून सुटका झाली आणि अक्का वर अडकली. महिन्यातून एक-दोनदा खाली येते, तेही कुणी दोघं मोकळे असतील तर.

सांगलीत व्हीलचेअरवाल्या माणसाची ही खरी कोंडी आहे. तळमजला त्याच्या सोयीचा, आणि पूर आला की पाणी आधी तिथंच शिरतं. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट या भागांतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पुराबाहेरचा तळमजला पाहिजे तर विश्रामबागेकडे सरकावं लागतं, आणि तिकडं दर चढे. आमच्या साताऱ्यात पुराचं भय नाही, पण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे चढ-उतार आहेत. पेठांमधल्या जुन्या घरांना दारातच तीन-चार पायऱ्या. धडधाकट माणसाच्या त्या लक्षातही येत नाहीत.

अक्काने एक घर शोधलं. तळमजला, एक खोली आणि स्वयंपाकघर, १८ लाख. आत्याचे दागिने आणि साठवलेले पैसे मिळून ४ लाख होत होते. राहिलेल्या १४ लाखांसाठी ती बँकेत गेली. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या बँकेतही उत्तर तेच मिळालं.

आता हिशेब बघा. ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता पडतो. १४ लाखांना १२,६०० रुपये. अक्काचं शिवणकाम लगीनसराईत जोरात आणि भाद्रपदात बसलेलं. सरासरी महिना चार हजार. त्यावर संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजाराचं अडीच हजार झालं. म्हणजे एकूण साडेसहा हजार. निम्मा पगार हप्त्याला जाऊ शकतो असं धरलं तरी ३,२५० रुपये हप्ता, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास कर्ज.

पण तेवढंही मिळालं नाही. बँकेने अनुदान उत्पन्नात धरलंच नाही. साहेब म्हणाले, "ते सरकारी आहे, उद्या बंद पडलं तर?" मग म्हणाले, "घरातला एखादा नोकरीवाला माणूस सहकर्जदार घ्या, कर्ज लगेच करू." भावाच्या डोक्यावर पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज आधीच आहे. आणि झालं असतं तरी घर कुणाच्या जिवावर झालं असतं? अक्काचं म्हणणं एवढंच होतं, "मला कुणाच्या उपकाराचं घर नको."

बँक धर्मादाय संस्था नाही, हे मला मान्य आहे. ठेवी लोकांच्या असतात, परतफेड बघावीच लागते. सहकारी बँका बुडाल्या की काय होतं ते आपल्या भागाने चांगलं भोगलंय. त्यामुळं त्या साहेबांवर माझा राग नाही. माझा प्रश्न नियमांना आहे.

अनुदानासाठी दिव्यांगांना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार रुपये आहे. आता समजा, अक्काने १४ नाही, फक्त ८ लाखांचं कर्ज काढलं. हप्ता ७,२०० रुपये, वर्षाचे ८६,४००. म्हणजे ज्याला हप्ता परवडतो त्याला अनुदान मिळू शकत नाही, आणि ज्याला अनुदान मिळतं त्याला हप्ता परवडू शकत नाही. बरं, उद्या अक्काने जास्त काम घेतलं आणि उत्पन्न ६० हजारांवर गेलं, तर वर्षाचं ३० हजारांचं अनुदान जाणार. कमाई १२ हजारांनी वाढवायची आणि ३० हजार घालवायचे! असा व्यवहार कोण करेल?

केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये गृहकर्जाच्या व्याजावर सवलत आहे. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. योजना चांगली आहे. पण सवलत कर्जावर आहे, आणि कर्जच मिळत नसेल तर सवलत कशावर घ्यायची?

आणि कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्याचं कलम १३ सांगतं की मालमत्ता बाळगणं, बँकेचं कर्ज घेणं, गहाणावर कर्ज घेणं यांत दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीचा हक्क आहे आणि तो मिळेल हे सरकारने बघायचं आहे. कलम ३७ घरांच्या सरकारी योजनांत ५ टक्के आरक्षण देतं, त्यातही दिव्यांग महिलांना प्राधान्य. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी खटल्यात स्पष्ट सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवता येणार नाहीत, काही नियम बंधनकारकच हवेत. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. कागदावर आपण कुठंच कमी नाही.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून कायदा आहे की अर्जदाराचं उत्पन्न सरकारी मदतीतून येतं, एवढ्याच कारणाने कर्ज नाकारायचं नाही. इंग्लंडमध्ये घरात रॅम्प, रुंद दार, बसता येईल असं न्हाणीघर करायला स्थानिक संस्था ३० हजार पौंडांपर्यंत अनुदान देते. आपण त्यांच्याइतके श्रीमंत नाही, कबूल. पण पुढच्या गोष्टींना फार पैसा लागत नाही.

एक, कायम दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर अनुदान हे स्थिर उत्पन्न धरायचं, असं बँकांना लेखी सांगा. पोलिओने गेलेले पाय पुढच्या वर्षी परत येणार नाहीत.

दोन, ५० हजारांची मर्यादा वाढवा, आणि ती ओलांडली की अनुदान एकदम तोडू नका, टप्प्याटप्प्याने कमी करा.

तीन, कमी उत्पन्नाच्या गृहकर्जांसाठी केंद्राचा पतहमी निधी आहे, तो १ हजार कोटींवरून ३ हजार कोटींचा केलाय. त्यात दिव्यांगांच्या कर्जाला वेगळा वाटा द्या.

चार, महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनी उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. त्यातून घरांचे रॅम्प आणि दारं रुंद करून द्या. दिव्यांगाला सरकारी योजनेतला तळमजला देताना तो पूररेषेबाहेरचा आहे ना, तेही बघा.

निवडणूक आली की दिव्यांग मतदारांसाठी केंद्रावर रॅम्प होतो, व्हीलचेअर येते, कधी मत घ्यायला अधिकारी घरी येतात. चांगलंच आहे. पण मत देऊन आल्यावर तो माणूस स्वतःच्या घरात कसा चढतो, हे कुणी बघत नाही.

निघताना अक्का म्हणाली, "लिही, पण माझं नाव टाकू नको. अनुदान बंद झालं तर?" म्हणून नाव टाकलेलं नाही.

तुमच्या गल्लीत अशी अक्का असेलच. तिला कर्जाचा काय अनुभव आला ते खाली लिहा, बँकेचं नाव नको. सगळं एकत्र करून दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं ठरवलंय.